पडवीवाला पान

पान्या, चहाच्या दुकानात स्वतःचा चहा घेऊन येणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला, आणि तो तू. काखेत थर्मास, डोक्याला सुती टोपी. माझ्या शेजारची खुर्ची जणू तुझ्या बापानं माझ्याकडे सांभाळायला दिली होती अशा थाटात येऊन बसलास आणि झाकण काढलंस. आत काय, तर गरम पाणी आणि पाण्यात पाला. मी म्हटलं, "साहेब, हे चहाचं दुकान आहे." तू म्हणालास, "मालूम है. इसीलिए बैठा."

तेव्हाच उठवायला हवं होतं तुला. नाही उठवलं. आता तू आपणहून उठून गेलास, तर ती खुर्ची मुलगा आत घेऊ देत नाही आणि मी कुणाला बसू देत नाही.

इथल्या मराठी मंडळाची पोरं, ज्यांच्या अंकासाठी हे लिहितोय, म्हणाली, चाचा, लिहायचं तर रीतसर लिहा, जन्म कधी, शिक्षण काय, नोकरी कुठे. मी म्हटलं, ते सगळं तुमच्या मोबाईलात बघा. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस आहे. मला लिहायची एकच रीत येते, समोर माणूस बसलाय असं धरायचं आणि बोलत सुटायचं. वाचणाऱ्यांना एवढं पुरे की तू चीनचा, धरणं बांधणारा इंजिनियर. पाकिस्तानात धरणावर बरीच वर्षं काढलीस म्हणून तोंडात उर्दू, तीही अशी की बाई येतो आणि ट्रक येती. बायको गेल्यावर लेकीकडे, मेईकडे मस्कतला आलास. तिचा फरशांचा धंदा. आणि मी रत्नागिरीकडचा, खाडीकाठचा. इथे मस्कतच्या अझैब्यात करक, म्हणजे दुधाचा कडक चहा, उकळत म्हातारा झालो. आता दुकान मुलगा बघतो, मी खुर्ची बघतो.

तुझं नाव कळलं तेही भांडणातूनच. तुझ्याच वयाचा तुझा एक देशवाला रस्त्यापलीकडून हात हलवत आला आणि ओरडला, "लाओ पान!" मी इकडून ओरडलो, "पान मिळत नाही इथे! मुनिसिपालटी धरते!" तो परत, "लाओ पान, लाओ पान!" मी म्हटलं, बहिरा आहे की काय. मुलगा बाहेर आला, हात जोडून म्हणाला, "नो पान, नो तंबाखू. ओन्ली समोसा." तू खुर्चीत वाकून वाकून हसत होतास. टोपीनं डोळे पुसलेस आणि म्हणालास, "पान मैं हूँ." लाओ म्हणजे म्हातारा. म्हातारा पान. त्या दिवसापासून मी तुला पान्या केलं.

तू तरी कुठे सोडणार? सगळा अझैबा मला चाचा म्हणतो. चाचा म्हणजे काका, हे पाकिस्तानात राहिलेल्या माणसाला काय ठाऊक नसेल? पण तू मेईला सांगितलंस, हा चहा विकतो म्हणून लोक याला चा-चा म्हणतात. तुमच्याकडेही चहाला 'चा' म्हणतात ना. बिचारी कितीतरी महिने मला 'मिस्टर चहा-चहा' समजून मान लववत होती.

आणि मग ती तुझी शाळा.

इंडियन स्कूलची बस समोरून जायची, कडक इस्त्रीची पोरं खिडक्यांतून डोकी काढायची. मी नुसतं म्हटलं, काय छान ड्रेस आहे बघ. तू नाक उडवलंस. "हमारा स्कूल में ड्रेस नहीं था. दिमाग था." झालं! त्या दिवशी जी शाळा उघडलीस ती शेवटपर्यंत बंद केली नाहीस. फू-चोंग. मला नाव पाठ झालं. फू म्हणजे जोडलेलं, चोंग म्हणजे मधली शाळा. युनिवर्सिटीला जोडलेली शाळा, तुझ्या शहरातली सगळ्यांत नावाजलेली. तुमच्या देशात नुसतं फू-चोंग म्हटलं की लोक सरळ होऊन बसतात, असं तू म्हणायचास. आमच्या दुकानात कोणी सरळ बसलं नाही, म्हणून तुला राग यायचा.

देवळात सुरू झाली म्हणालास. जुनं पडकं देऊळ, देव एका बाजूला सरकवले आणि त्यांच्या पुढ्यात पोरं बसवली. हेडमास्तरला पगार तांदळाचा. मग जपानची लढाई आली आणि शाळा निघाली. निघाली म्हणजे पायी निघाली. मास्तर पुढे, पोरंपोरी मागे, पुस्तकं कावडीत, फळा दोघांच्या खांद्यावर. झाडाला फळा टेकवायचा, गणित शिकवायचं, की परत उचलायचा आणि पुढचा डोंगर. मी म्हटलं, "आमच्याकडे नुसतं म्हणतात शाळा चालू आहे. तुमची खरोखर चालत होती." हे तुला उर्दूत समजावताना माझा घाम निघाला. पण समजलं तेव्हा तू उठून उभा राहिलास आणि माझा हात हातात घेऊन हलवलास, जणू मी तुमचा हेडमास्तर.

"वो ब्लॅकबोर्ड हमने उठाया," तू म्हणालास. खांदाही दाखवलास.

मी म्हटलं, "पान्या, ही लढाई तर माझ्या बापाच्या वेळची. तू जन्मला होतास?"

"नहीं."

"मग फळा कोणी उचलला?"

"हमने."

"पोटात तरी होतास?"

"नहीं. हमने उठाया."

चेहऱ्यावरची रेष हलली नाही. चहाला थांबलेले टॅक्सीवाले हसून हसून बेजार. मीही हसलो. पण घरी जाऊन जैनबला, माझ्या बायकोला, म्हटलं, बघ, याला म्हणतात शाळेचा माणूस. मी शाळेत चार वर्षं बसलो, एकदाही 'आम्ही' म्हणालो नाही. ती म्हणाली, "तुमी बसलात कधी? पळालात." ते असो.

त्या शाळेत शिरायच्या परीक्षेची गोष्ट मला सगळ्यांत आवडायची. निकालाच्या दिवशी तुझ्या बापानं, सायकली दुरुस्त करायचा तो, गल्लीतल्या एकूण एक सायकलीत फुकट हवा भरली. ज्यांची भरलेली होती त्यांचीही काढून परत भरली. हे सांगताना तू तोंडानं पंपाचा आवाज काढायचास, आणि आमचा मुलगा आतून ओरडायचा, "अब्बा, सिलिंडर लीक होतोय का?"

मग यायची ती वर्षं. तुमच्या देशात सगळं उलटंपालटं झालं, मास्तरांना मान खाली घालायला लावून उभं केलं, शाळेला कुलूप लागलं आणि तुम्हा पोरापोरींना खेड्यात भात लावायला धाडलं. एवढं दोन वाक्यांत सांगून तू थर्मासचं झाकण लावायचास. झाकण परत निघालं की गोष्ट एकदम नव्या इमारतीवर. काचेच्या भिंती, प्रयोगशाळा, दुर्बीण, अमेरिकेला जाणारी पोरं. मधलं सगळं झाकणाखाली. मी खोदून विचारलं नाही. भांडकुदळ आहे मी, पण लावलेलं झाकण मी उचलत नाही.

आपलं भांडण वेगळ्याच गोष्टीचं. तू म्हणायचास, शाळा आधी आली, युनिवर्सिटी नंतर. आणि मी म्हणायचो, हे होऊच शकत नाही. जोडलेली शाळा म्हणतोस ना? मग ज्याला जोडायचं ते आधी नको उभं? समोशांचे रिकामे खोके मांडून मी तुला कोकणातलं घर दाखवलं. हे घर. याच्या भिंतीला टेकून, एका बाजूला उतरतं छप्पर काढतात, ती पडवी. तिकडे पाहुण्यांच्या चपला, कोंबड्या, पोरांचा अभ्यास. घर नसेल तर पडवी टेकणार कशाला? तुझी फू-चोंग ही पडवी. युनिवर्सिटी हे घर. खलास.

तू त्या खोक्यांकडे बघत राहिलास. उतरत्या पुठ्ठ्यावरून बोट फिरवलंस. "बारिश अंदर आता?"

"बाजूनं येतोच."

"गरम होता?"

"चुलीच्या बाजूला असेल तर होतंच."

आणि एकदम मांडीवर थाप मारलीस. "पडवी! हाँ, हाँ! मैं पडवीवाला!"

हरला! पान्या, तुला काय सांगू, मी जिंकलो तो दिवस. दुकानात असेल नसेल त्याला माझ्याकडून करक पाजला. रस्ता झाडणाऱ्याला बोलावून पाजला. तुलाही दुधाचा ग्लास पुढे केला, तर तू, दुधाच्या चहाला शिव्या घालणारा, तो गटागटा प्यालास. मी म्हटलं, हा दंड. त्यानंतर तू ज्याला त्याला सांगत सुटलास, मैं पडवीवाला, पडवीवाला. हरलेला माणूस इतका खूश मी पाहिला नव्हता. मनात म्हटलं, मोठ्या शाळेतली माणसं हरणंसुद्धा शिकून येतात.

तू गेल्यावर बऱ्याच दिवसांनी मेई आली. तुला तुझ्या मातीत ठेवून परतली होती. जैनबनं तिला पोटाशी धरलं, दोघी आपापल्या भाषेत रडल्या, आणि मग मेई म्हणाली, "चाचा, हेल्प."

काम असं. तिकडच्या कुणी दूरच्या नातेवाइकानं मेईला तुझ्या शाळेचं नाव सांगितलेलं, आणि शाळेचा स्थापनेचा सोहळा जवळ आलेला. त्या दिवशी वर्षभरात गेलेल्या जुन्या विद्यार्थ्यांची नावं पुकारतात, बॅचवार. बॅच म्हणजे पास झाल्याचं वर्ष. तू तर पासच झाला नव्हतास, आधीच कुलूप लागलं. त्या काळातले कागद राहिले नाहीत, आणि तुझ्या नावाची माणसं तिकडे पायलीला पन्नास. बॅच सांगा, म्हणाले, नाहीतर कुठला पान म्हणून पुकारायचा? मेईला काही ठाऊक नव्हतं. घरी तू शाळेचा शब्द काढला नाहीस. तिला इतकंच माहीत, बाबा रोज संध्याकाळी चा-चाकडे जातात आणि बडबडून येतात.

मी छाती पुढे काढली. म्हटलं, फोन लाव. मला पाठ आहे तुझ्या बापाची शाळा.

मेईच्या घरी बसलो. फोनवर पलीकडे एक म्हातारी बाई, पांढरे कापलेले केस, नाकावर चष्मा. ती स्वतः त्याच शाळेची, तिथेच मास्तरीण झाली, आता शाळेचा इतिहास गोळा करते. मी हिंदीत सांगत होतो, गिऱ्हाइकांशी बोलून कामापुरतं हिंदी शिकलेली मेई चिनीत सांगत होती. देऊळ सांगितलं. तांदळाचा पगार सांगितला. शाळा कशी चालत गेली ते सांगितलं, फळा उचलून दाखवला, जैनबला दुसरं टोक धरायला लावून. बाई ऐकत होती, मान डोलवत होती. संपल्यावर हळू आवाजात काहीतरी बोलली. मेईचा चेहरा पडला.

"काय म्हणते?"

"ती म्हणते, हे सगळ्यांना येतं. सगळे हेच सांगतात. फळासुद्धा सगळेच म्हणतात, हमने उठाया." मग मेई माझ्याकडे न बघता म्हणाली, "ती म्हणते, शाळेबाहेरच्या लोकांनाही या गोष्टी माहीत आहेत."

म्हणजे तू शाळेचाच नव्हेस? पान्या, माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, सांग तिला, माझ्या खुर्चीशेजारी बसून कोणी खोटं बोलत नाही. सांग तिला, सायकलीतली हवा! मेईनं सांगितलं. बाई हसली, पण हवेला बॅच नसते.

तेव्हा जैनब मागून म्हणाली, "अवो, ते सांगा ना. पडवीवाला."

"गप बस," मी म्हटलं.

"का गप? रोज म्हणायचा तो."

"अगं, ते तो हरला होता म्हणून म्हणायचा! मेलेल्या माणसाची हार काय त्याच्या शाळेला सांगू?"

"तुमाला लाज वाटते तर मी सांगते," म्हणाली, आणि मेईच्या सोफ्यावरच्या उशा ओढून पडवी बांधायला बसली. तिला बांधता येईना. उशी उतरती ठेवायची तर तिनं उभी ठेवली. मला बघवेना. शेवटी मीच बांधली. हे घर, ही भिंत, हे उतरतं छप्पर, इथून पाऊस आत. पान म्हणायचा, मैं पडवीवाला. मेईनं उशांसमोर फोन धरला आणि सांगितलं.

बाई एकदम पुढे सरकली. चष्मा काढला. मग एवढ्या मोठ्यानं ओरडली की मेईच्या हातून फोन उशांवर पडला आणि पडवी कोसळली.

मेई एकाच वेळी हसत होती आणि रडत होती, त्यामुळे मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. एका वर्षी पोरं जास्त झाली. खोली शिल्लक नाही. तेव्हा स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून उतरतं छप्पर काढलं आणि एक वर्ग तिकडे बसवला. एकच वर्ग, एकाच सालचा. पाऊस बाजूनं आत यायचा आणि भिंत गरम असायची. दुपारी जेवायला काय आहे ते साऱ्या शाळेत त्यांना पहिलं कळायचं. बाकीची पोरं त्यांना चिडवायची, आणि ते उलट छाती काढून सांगायचे, आम्ही उतरत्या छपराचे. ही बाई पक्क्या इमारतीतली. म्हणाली, "थंडीत आम्ही त्यांचा हेवा करायचो." आणि हे बाहेरच्या कुणाला ठाऊक असायचं कारण नाही. छप्पर त्याच उलथापालथीत गेलं.

म्हणजे लबाडा, तू हरला नव्हतास! मी युनिवर्सिटीचं बोलत होतो, तू तुझ्या बाकाचं बोलत होतास. मी तुला भांडणात शब्द फेकून मारला, आणि तुला तुझा वर्गच सापडला त्यात. इतकी वर्षं कुठल्या भाषेत तो सांगावा ते तुला सुचलं नसेल. मी करक पाजत होतो माझ्या विजयाचा, आणि तू पीत होतास तो दंड नव्हता, पार्टी होती. एकदा सांगायचंस तरी! पण सांगितलं असतंस तर मी ऐकलं असतं का? नसतंच. बरं केलंस.

निघता निघता मी बाईला विचारून घेतलं, खरं सांगा, आधी कोण, शाळा की युनिवर्सिटी? बाई म्हणाली, शाळेतल्यांना विचाराल तर शाळा, युनिवर्सिटीतल्यांना विचाराल तर युनिवर्सिटी, आणि दर सोहळ्याला यावरून जेवणाच्या टेबलावर भांडण होतं. ऐकलंस? तिकडेसुद्धा मिटलेलं नाही. मी माझं मत बदललेलं नाही. घर आधी.

तुझं नसणं मला संध्याकाळीच टोचतं असं नाही. मुलगा बिनदुधाचा चहा करतो तेव्हा टोचतं. बस जाते तेव्हा. पण खरं सांगू? जास्त करून हसूच येतं. शाळेच्या फाटकासमोरून जायचं तर मी रस्ता ओलांडायचो, म्हातारपणापर्यंत. तुझी शाळा ऐकता ऐकता ती सवय कधी गेली कळलं नाही. पंतोजींची छडी खाल्लेल्या माणसाला तू चीनच्या एवढ्या मोठ्या शाळेत नेऊन बसवलंस, परीक्षा न घेता. यासाठी तुला शुक्रिया म्हणायचं राहिलं. आपण दोघं एकमेकांना तसलं काही बोलणारे नव्हतो.

सोहळ्याच्या दिवशी मेईनं आम्हाला सकाळीच बोलावलं. जैनबनं ठेवणीतली ओढणी काढली, मी कोट घातला, अझैब्याच्या उकाड्यात. मोठ्या टीव्हीवर तुझी शाळा. पान्या, तू कमीच सांगितलं होतंस! काचेची इमारत, झाडं, पोरांची रांग, ड्रेसमध्ये. हो, ड्रेस आहे आता. पुढच्या रांगांत म्हातारे, बॅचवार बसलेले. नावं पुकारायला लागले. एकेक नाव घ्यायचे, आणि त्या बॅचचे म्हातारेम्हाताऱ्या उठून त्या गेलेल्याच्या वतीनं एका आवाजात ओरडायचे, "दाओ!" मेईनं कानात सांगितलं, हजेरीला असं म्हणतात आमच्यात.

मग तुझं वर्ष आलं. थोडेच होते. काठ्या टेकत उठले. एकाला दोघांनी धरलं होतं. तुझं पूर्ण नाव घेतलं, मला त्यातलं पान तेवढं कळलं. आणि ते म्हातारे असे ओरडले, असे ओरडले, की मागची पोरं दचकून हसायला लागली.

"दाओ!"

आणि इकडे मी कधी उभा राहिलो, कधी हात वर केला, मला कळलं नाही. कोटासकट ओरडलो, "हजर!"

जैनबनं कोट धरून मला खाली ओढलं. "अवो, बसा! तुमचं नाव नाय घेतलं."

"मग काय झालं?" मी म्हटलं. "आम्ही एकाच वर्गातले."